पान्हा

पहाटेच्या वेळी गोठ्यात धार काढावयास बसणारा माणूस तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. चरवी हाती घेऊन तो एकदम गाईच्या कासेस हात घालीत नाही. प्रथम तो दावणीचे वासरू सोडतो. वासरू धावत येते, कासेस दोन-चार ढुशा देते आणि चुरूचुरू पिऊ लागते. गाय मान वळवून त्यास चाटते, आणि पाहता पाहता सैल दिसणारे सड दुधाने ताठ होतात. 'गाय पान्हवली,' असे म्हणून घरधनी पाय रोवून धरणाऱ्या वासरास ओढून पुढल्या खुंट्यास बांधतो, आणि चरवीत धारेचा आवाज सुरू होतो.

वासरू दगावले, तर काही गाई-म्हशी मुळीच पान्हवत नाहीत. कासेत दूध असते, पण ते खाली उतरत नाही. अशा वेळी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करण्याची रीत होती. गाय त्यास हुंगते, चाटते आणि दूध सोडते. त्या मुक्या जनावराची ही फसवणूक ऐकून कोणासही वाईट वाटेल. परंतु ज्याने ही युक्ती प्रथम शोधून काढली, त्याला एक गोष्ट नेमकी उमगली होती: दूध कासेत असले, तरी त्याचे कुलूप दुसरीकडे कोठेतरी आहे. आपली भाषाही हे ओळखून आहे. संस्कृतात वासरास 'वत्स' म्हणतात, आणि आईच्या मायेस आपण जे 'वात्सल्य' म्हणतो, तो शब्द या वत्सापासूनच झालेला आहे.

हे कुलूप आहे मेंदूत. दूध तयार होते कासेतील अगदी सूक्ष्म अशा पिशव्यांत. प्रत्येक पिशवीभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी असते. वासराचे तोंड सडास लागले, की ती खबर मज्जातंतूंच्या वाटेने पाठीच्या कण्यातून मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक नावाच्या भागास पोचते. त्याच्या खाली पीयूषिका ही लहानशी ग्रंथी लोंबत असते. अधश्चेतकाचा हुकूम होताच पीयूषिकेच्या मागील भागातून एक द्रव्य रक्तात मिसळते आणि मिनिटभराच्या आत कासेपर्यंत जाऊन पोचते. मग त्या जाळ्या आवळल्या जातात, पिशव्या पिळल्या जातात आणि दूध सडांत उतरते. हाच पान्हा. ग्रंथीत किंवा मेंदूत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवास हुकूम पोचविणाऱ्या अशा द्रव्यास संप्रेरक म्हणतात, आणि पान्हा आणणाऱ्या या संप्रेरकाचे नाव ऑक्सिटोसिन असे आहे.

या नावाचा मूळ ग्रीक अर्थ 'त्वरित प्रसूती' असा आहे. कारण या द्रव्याची ओळख शास्त्रज्ञांना प्रथम झाली ती दुधावरून नव्हे. १९०६ मध्ये हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञास असे दिसून आले, की पीयूषिकेच्या मागील भागाचा अर्क मांजरीस टोचला असता तिचे गर्भाशय जोराने आकुंचन पावते. म्हणजे पिलास जगात आणणारे आणि त्यास दूध पाजणारे द्रव्य एकच! अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केले. अवघ्या ९ अमिनो आम्लांची ती साखळी आहे. या कामासाठी त्यांना १९५५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भ्यालेली गाय दूध चोरते, हे गवळ्यास ठाऊक असतेच. १९४१ मध्ये ईली आणि पीटरसन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते प्रयोगाने पडताळून पाहिले. गाईस भिवविण्यासाठी त्यांनी तिच्या पाठीवर एक मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी कागदाच्या पिशव्या फुगवून फोडल्या. गाईने दूध रोखून धरले. मौज अशी, की पुढे पुढे मांजराची आवश्यकता नाही असे ठरून त्यास रजा देण्यात आली. पिशव्याच पुरेशा होत्या! भीतीच्या वेळी शरीरात ॲड्रेनॅलीन नावाचे दुसरे द्रव्य पसरते आणि ते पान्ह्याच्या आड येते.

येथे एक शंका कोणीही काढील. ऑक्सिटोसिनमुळे कास पिळली जाते, हे समजले. पण गाय वासरास चाटते, त्याच्यासाठी हंबरते, ते कशामुळे? दुभत्या जनावरास ऑक्सिटोसिन टोचून दूध काढण्याचा दुष्ट प्रकार काही लोभी लोक करतात. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्यास घातक असे काही टोचणे हा आपल्या देशात कायद्याने गुन्हा आहे. अशा टोचणीने दूध उतरते, पण माया उत्पन्न होत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक बारीक चाळण असते. तिच्यातून रक्तातील ऑक्सिटोसिन फारसे पलीकडे जात नाही. टोचलेले द्रव्य कासेपर्यंत पोचते, मेंदूपर्यंत पोचत नाही. मायेसाठी लागणारे ऑक्सिटोसिन मेंदूस स्वतःच आतल्या आत पाझरावे लागते.

ते कधी पाझरते, हे मेंढ्यांवरून चांगले समजले. विणीच्या हंगामात एका कळपात एकाच दिवशी अनेक कोकरे जन्मतात. नुकतीच व्यालेली मेंढी पहिले तास-दोन तास कोणतेही कोकरू जवळ घेते. त्यानंतर मात्र ती स्वतःच्याच कोकरास पाजते आणि दुसरे जवळ आले, तर डोक्याने ढकलून देते. ही ओळख ती वासावरून पटविते. बॅरी केव्हर्न आणि कीथ केंड्रिक या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात याचे मूळ शोधून काढले. कोकरू बाहेर येताना जन्ममार्गावर जो ताण पडतो, त्याची खबर मेंदूस पोचते आणि मेंदूत ऑक्सिटोसिन पाझरू लागते. वासाची जाणीव ज्या भागात होते, तेथेही ते पोचते आणि कोकराचा वास मेंदूत कायमचा कोरला जातो. गाभण नसलेल्या मेंढीस आधी गाभणपणातील संप्रेरके देऊन या शास्त्रज्ञांनी मग तिच्या मेंदूच्या पोकळीत ऑक्सिटोसिन सोडले. थोड्याच अवधीत ती परक्या कोकरास चाटू लागली आणि मायेने हलक्या आवाजात साद घालू लागली.

पांढऱ्या उंदरांतही असेच आढळते. ज्या मादीला कधी पिले झाली नाहीत, ती परकी पिले समोर ठेवली असता त्यांच्यापासून दूर पळते. कधी कधी तर त्यांस खाऊनही टाकते. तीच मादी स्वतः व्याली, की घरटे बांधते, पिले चाटून स्वच्छ करते, एखादे पिलू बाहेर पडले तर त्यास अलगद तोंडात धरून परत आणते. हे सारे तिला कोणी शिकवीत नाही. अमेरिकेतील रट्गर्स विद्यापीठात जोसेफ टेर्केल आणि जे रोझेनब्लॅट यांनी १९७२ मध्ये नुकत्याच व्यालेल्या मादीचे रक्त पिले न झालेल्या मादीच्या शरीरात खेळविले. एक दिवस उलटण्यापूर्वीच ती मादी परकी पिले गोळा करून त्यांच्यावर पाखर घालू लागली! आईपणाची वर्दी देणारे काहीतरी त्या रक्तात होते, यात शंका उरली नाही.

ते काहीतरी म्हणजे एक द्रव्य नव्हे. पिले जन्मण्याच्या सुमारास मादीच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरते, इस्ट्रोजेन आणि प्रोलॅक्टिन ही वाढतात. पेरणीपूर्वी शेतकरी जमीन तयार करतो, तशी ही संप्रेरके मेंदूची मशागत करतात. अधश्चेतकाच्या पुढील टोकाशी एक छोटा भाग असतो. तेथे ऑक्सिटोसिन ओळखणाऱ्या जागा त्यांच्यामुळे वाढतात. या भागास इजा झाली, तर मादी पिले गोळा करीत नाही. तेथून निघणारे तंतू मेंदूच्या अशा केंद्रांस जागे करतात, की जेथे डोपामीन नावाचे द्रव्य पाझरते. भुकेल्यास अन्न दिसले म्हणजे ज्या ओढीने तो धावतो, ती ओढ उत्पन्न करण्यात या डोपामीनचा मोठा वाटा असतो. १९६९ मधील एका प्रयोगात उंदराच्या माद्यांना अशा पिंजऱ्यात ठेवले होते, की कळ दाबली असता प्रत्येक वेळी एक पिलू खाली येई. माद्यांनी शेकडो वेळा कळ दाबली आणि आलेले प्रत्येक पिलू उचलून घरट्यात नेले. शेवटी थकले ते प्रयोग करणारे असावेत.

येथवर आपण आईच्या मेंदूकडे पाहिले. पण चाटले जाणाऱ्या पिलाचे काय? त्याला दूध मिळाले, ऊब मिळाली, की त्याचे भागले, असे अनेक विद्वानांचे मत होते. लहान मुलांस फार जवळ घेऊ नये, असा उपदेशही त्या काळी अमेरिकेत मोठमोठ्या ग्रंथांतून केला जाई. या मतास पहिला मोठा धक्का हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये दिला. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी ऱ्हीसस जातीच्या माकडांची पिले जन्मतःच आईपासून दूर केली. ही उत्तर भारतात सर्वत्र आढळणारी जात आहे. आपल्या देशातून अशी हजारो माकडे परदेशी प्रयोगशाळांकडे पाठविली जात. १९७८ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. हार्लो यांनी पिलांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या. एक तारेच्या जाळीची, दुसरी मऊ फडक्याने मढविलेली. काही पिलांच्या बाबतीत दूध केवळ तारेच्या आईपाशीच मिळे. तरीसुद्धा ती पिले भुकेपुरती तिच्याकडे जात आणि दूध संपताच परत फडक्याच्या आईस बिलगत. दिवसाचे पंधराहून अधिक तास ती तिला धरून असत. पिंजऱ्यात ढोल बडविणारे खेळण्यातले अस्वल सोडले, की ती घाबरून धावत जात तीही फडक्याच्या आईकडेच.

हे वाचताना मन विषण्ण होते, आणि ते तसे व्हावे हेच योग्य. पुढे तर हार्लो यांनी काही पिलांस कित्येक महिने अगदी एकाकी ठेवले. ती पिले एका जागी बसून डुलत, स्वतःस चावत, इतर माकडांना पाहून भीत. या प्रयोगांवर कठोर टीका झाली आणि प्राण्यांना किती दुःख द्यावे यासंबंधी पुढे जे नियम झाले, त्यांना अशा प्रयोगांची आठवण कारण झाली. परंतु पेंढा भरलेल्या वासराने गाईविषयी जे सांगितले होते, तेच फडक्याच्या आईने पिलाविषयी सांगितले: केवळ दूध पुरे होत नाही.

मग स्पर्शाने पिलाच्या शरीरात होते तरी काय? ड्यूक विद्यापीठातील सॉल शॅनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९७०-८० च्या सुमारास असे आढळले, की उंदराचे पिलू आईपासून थोडा वेळ दूर केले, तरी त्याच्या रक्तातील वाढीचे संप्रेरक उतरते आणि शरीराची वाढ करणारी इतर रसायनेही मंदावतात. दूर केलेल्या पिलास नुसते उबेत ठेवून भागत नाही. मग संशोधकांनी ओला कुंचला घेतला आणि आई जशी जिभेने चाटते, तसा तो पिलाच्या अंगावरून सतत फिरविला. वाढीचे संप्रेरक पुन्हा पूर्वपदावर आले! आईच्या जिभेचा स्पर्श हा पिलाच्या मेंदूस 'आई जवळ आहे, वाढावयास हरकत नाही' असे सांगणारा निरोप असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

हा कुंचला प्रयोगशाळेतच राहिला नाही. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकांना रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवतात. त्यांना हात लावणे शक्यतो टाळावे, असाच तेव्हा प्रघात होता. टिफनी फील्ड आणि शॅनबर्ग यांनी १९८६ मध्ये अशा काही बालकांच्या अंगावरून दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे हळुवार हात फिरविण्याची व्यवस्था केली. दहा दिवसांत या बालकांचे वजन इतर बालकांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. दूध मात्र दोघांनाही सारखेच मिळत होते. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी बाळास तेल चोळून न्हाऊ घालणाऱ्या बायकांना हे ऐकून फारसे नवल वाटणार नाही.

स्पर्शाचा परिणाम किती काळ टिकतो, याचे उत्तर कॅनडातील माँट्रिऑल शहरी, मॅक्गिल विद्यापीठात मिळाले. मायकेल मीनी आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या घरट्यांकडे तासन् तास पाहत बसले. त्यांना दिसले, की सर्व आया सारख्या नसतात. काही पिलांना फार चाटतात, काही थोडे. फार चाटलेली पिले मोठेपणी धीट आणि शांत निघतात, थोडी चाटलेली पिले जरा खुट्ट झाले की दचकतात. असे का व्हावे?

संकटाच्या वेळी अधिवृक्क ग्रंथी रक्तात एक संप्रेरक सोडते. त्यामुळे शरीर लढण्यास वा पळण्यास सज्ज होते. पण संकट टळल्यावर ते थांबले पाहिजे. शेतात पाणी देताना वाफा भरला, की पाणी वळविणारा गडी विहिरीवरच्यास 'बस्स' म्हणून हाक मारतो, तसे मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग रक्तातील हे संप्रेरक ओळखून 'आता पुरे' असा हुकूम देतो. त्यासाठी तेथील पेशींवर ते संप्रेरक ओळखणाऱ्या जागा पुष्कळ असाव्या लागतात. फार चाटलेल्या पिलांच्या मेंदूत या जागा अधिक असतात. म्हणून त्यांची भीती लवकर ओसरते. थोड्या चाटलेल्या पिलांत गडी जणू कानाने मंद असतो, आणि वाफा फुटेपर्यंत पाणी वाहत राहते.

या जागा बनविण्याची आज्ञा जनुकात लिहिलेली असते. ती दोन्ही प्रकारच्या पिलांत सारखीच. पण लिहिलेले पान उघडे असेल, तरच वाचता येते. वर चिठ्ठ्या चिकटविल्या, तर अक्षर असून नसल्यासारखे. मिथिल गट नावाच्या लहान रासायनिक चिठ्ठ्या जनुकावर अशाच चिकटतात. मीनी आणि मोशे शिफ यांच्या प्रयोगशाळेने २००४ मध्ये दाखवून दिले, की जन्मानंतर एका दिवसाने या चिठ्ठ्या दोन्ही प्रकारच्या पिलांत सारख्या असतात. सहाव्या दिवसापर्यंत मात्र फार चाटलेल्या पिलांच्या चिठ्ठ्या बहुतेक गळून गेलेल्या असतात, आणि पुढे आयुष्यभर पान उघडेच राहते. ज्यांचे डोळेही अजून उघडलेले नाहीत, अशा जिवांच्या मेंदूत आईची जीभ हे लिहिणे-पुसणे करीत असते.

कोणी म्हणेल, शांत आईची पिले शांतच निघणार, त्यात जिभेचे श्रेय ते काय? ही शंका संशोधकांनाही होती. म्हणून १९९९ मध्ये त्यांनी पिलांची अदलाबदल केली. थोडे चाटणाऱ्या आईची पिले जन्मतःच फार चाटणाऱ्या आईच्या घरट्यात ठेवली. ती पिले शांत निघाली. त्यांतील माद्या पुढे स्वतः आया झाल्या, तेव्हा त्यांनी आपल्या पिलांना जन्मदात्या आईप्रमाणे नव्हे, तर वाढविणाऱ्या आईप्रमाणे पुष्कळ चाटले. आईपणाची रीत येथे रक्तातून न उतरता जिभेवरून उतरली होती. उंदराचे सर्व माणसास जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे होईल. माणसाचे बालपण मोठे आणि त्यास सांभाळणारे हातही अनेक. पण ज्या अनाथ बालकांना कोणी उचलून घेत नाही, त्यांच्याविषयी विचार करताना या पिलांची आठवण टाळता येत नाही.

तर मग ज्यास माया मिळाली नाही, त्याच्या घराण्यातून ती कायमची गेली काय? हार्लो यांच्या प्रयोगशाळेत आईवाचून वाढलेल्या काही माकडिणी पुढे व्याल्या. त्यांतील बऱ्याच जणींनी पहिल्या पिलाकडे ढुंकूनही पाहिले नाही. काहींनी त्यास मारले, झिडकारले. झिडकारलेले पिलू मात्र पुन्हा पुन्हा येऊन आईच्या पाठीस, पोटास चिकटे. ढकलून दिले तरी परत येई. महिने लोटले तशी कित्येक आयांची मारहाण कमी झाली, आणि ज्यांच्या अंगास ते पहिले पिलू असे चिकटून राहिले होते, त्यांतील पुष्कळ जणींनी दुसरे पिलू बऱ्यापैकी सांभाळले.

रोझेनब्लॅट यांनी १९६७ मध्ये उंदरांत याच जातीची गोष्ट पाहिली होती. जिला कधी पिले झाली नाहीत, जिच्या रक्तात आईपणाची कोणतीही वर्दी नाही, अशा मादीच्या पिंजऱ्यात त्यांनी रोज ताजी परकी पिले ठेवली. पहिल्या दिवशी ती त्यांस पाहून कोपऱ्यात जाऊन बसली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. पिले चुळबुळत, चिरकत तिच्याजवळ सरकत राहिली. सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास ती उठली, एक पिलू हुंगले, चाटले, तोंडात धरले आणि घरट्यात नेऊन ठेवले. मग दुसरे. नरांच्या पिंजऱ्यातही पिले अशीच ठेवून पाहिली, तेव्हा काही दिवसांनी तेदेखील पिलांवर अंग घालून बसले.